मुद्रक, प्रकाशक आणि दाता : निवडणूक-प्रचारसाहित्यावरील नामनिर्देशाच्या नियमांची चिकित्सा

१

निवडणुकीच्या दिवसांत घरोघर येऊन पडणाऱ्या पत्रकांच्या तळाशी एक बारीक ओळ छापलेली असते. तीत मुद्रकाचे नाव व पत्ता, प्रकाशकाचे नाव व पत्ता आणि बहुधा छापलेल्या प्रतींची संख्या दिलेली असते. ही ओळ सहसा कोणी वाचीत नाही. मुद्रक ती छापतो, कारण न छापल्यास तो गुन्हा ठरतो. मतदार तिच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण तीत त्याच्या उपयोगाचे काही असेल असे त्याला वाटत नाही. मतदाराचे हे दुर्लक्ष त्याच्या आळसाचे लक्षण मानण्याची चाल आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते त्याच्या व्यवहारज्ञानाचे लक्षण आहे. मतदाराला पडावा असा साधा प्रश्न एकच आहे : मला हे सांगण्यासाठी पैसा कोणी खर्च केला? त्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत नसते. आणि ते तेथे असावे अशी अपेक्षाही आपल्या कायद्याने केलेली नाही.

प्रचाराच्या जाहिरातीमागील पैसा उघड करण्याविषयी आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नव्हे. नियम अनेक आहेत, काही तर जुने आहेत, आणि गेल्या काही वर्षांत त्यांवर न्यायालयांत व वृत्तपत्रांत मोठा खलही झाला आहे. त्या चर्चेत एक गोष्ट मात्र निसटली असे वाटते. कोणताही मजकूर तपासताना, मग तो काव्य असो, आज्ञापत्र असो वा अधिनियमाचे कलम असो, तो कोणाला उद्देशून लिहिला आहे हा प्रश्न चिकित्सकाने प्रथम विचारावयाचा असतो. नामनिर्देशाच्या आपल्या नियमांना हा प्रश्न विचारला असता जे उत्तर मिळते ते असे, की त्यांचा उद्दिष्ट वाचक मतदार नसून शासनयंत्रणा आहे. या एका मूळ दोषातून त्यांचे बाकीचे बहुतेक दोष उद्भवले आहेत, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यात १९६१ च्या दुरुस्तीने कलम १२७क समाविष्ट झाले. ज्या पत्रकाच्या वा भित्तिपत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते नाहीत असे कोणतेही निवडणूक-पत्रक छापू अथवा प्रसिद्ध करू नये, असे त्याचे पहिले पोटकलम सांगते. दुसऱ्या पोटकलमान्वये प्रकाशकाने आपल्या ओळखीविषयीचे घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला दिले पाहिजे. त्यावर त्याची सही आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन इसमांचे साक्षांकन असले पाहिजे. छपाईनंतर वाजवी मुदतीत मुद्रकाने त्या घोषणापत्राची एक प्रत पत्रकाच्या प्रतीसह शासनाकडे धाडावयाची असते : छपाई राज्याच्या राजधानीत झाली असल्यास मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, अन्यत्र झाली असल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे. हाताने नक्कल करण्याखेरीज प्रती काढण्याची कोणतीही रीत ही छपाईच मानली जाते. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

या कलमात 'प्रकाशक' हा शब्द केंद्रस्थानी असूनही त्याची व्याख्या कोठेही केलेली नाही. प्रकाशक कोण? जो घोषणापत्रावर सही करतो तो. तो उमेदवाराचा कार्यकर्ता असेल, पक्षाच्या तालुका कार्यालयातील लेखनिक असेल, अथवा ज्याच्या नावावर काम देणे सोयीचे आहे असा कोणी परिचित असेल. घोषणापत्र केवळ त्याच्या 'ओळखी'चे आहे, त्याच्या हितसंबंधाचे नव्हे. दोन साक्षीदार एवढेच सांगतात, की हा मनुष्य आपण म्हणतो तोच आहे. त्याच्या हाती छपाईचे पैसे कोणी ठेवले, हे त्यांना कोणी विचारीत नाही; आणि विचारले तरी ते त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय हे सर्व कागद ज्या वाटेने जातात ती वाट छापखान्यापासून कचेरीपर्यंत जाते. मतदाराच्या हाती पडते ती तळाची ओळ तेवढी.

या रचनेचे मूळ तिच्या वंशावळीत सापडते. इंग्लंडच्या १८८३ च्या भ्रष्ट व अवैध प्रथा प्रतिबंधक कायद्याने निवडणुकीशी संबंध असलेल्या प्रत्येक भित्तिपत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आणि पत्ता असावा असे ठरविले होते. आपल्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात त्याच शब्दांचा प्रतिध्वनी ऐकू येतो. आपल्याकडे त्याहूनही जुना असा १८६७ चा मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियम होता. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ असावे असा त्याचा दंडक होता, आणि २०२३ चा नवा अधिनियम मार्च २०२४ मध्ये अमलात येईपर्यंत तो कायम होता. बदनामीचा वा राजद्रोहाचा मजकूर निघाल्यास सरकारला कोणाचे तरी मनगट धरता यावे, एवढ्यासाठी परकीय राजवटीला हे नाव हवे होते. हेतू दायित्व निश्चित करण्याचा होता. वाचकाला मजकुराची पारख करता यावी हा त्यामागील विचार नव्हता.

दायित्वाचा नियम आणि माहितीचा नियम यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. दायित्वाच्या नियमाला कोणतेही एक खरे नाव पुरते. ज्याच्यावर खटला भरता येईल असा मनुष्य सापडला, की त्याचे काम झाले. माहितीच्या नियमाला मात्र नेमके तेच नाव हवे असते, जे कळल्याने मजकुराविषयीचे वाचकाचे मत बदलू शकेल. एखाद्या धरणाला पाठिंबा देणारे पत्रक गावातील एका शिक्षकाच्या नावाने निघाले आणि त्याचा खर्च त्या धरणाच्या ठेकेदाराने केला, अशी कल्पना करावी. दायित्वाचा नियम शिक्षकाच्या नावावर संतुष्ट होईल. माहितीच्या नियमाला ठेकेदाराच्या नावाखेरीज समाधान नाही. कलम १२७क हे पहिल्या प्रकारचे असून आपण त्याच्याकडून दुसऱ्या प्रकारचे काम होईल अशी आशा धरून बसलो आहो.

ज्या देशाकडून हे शब्द आले त्या देशाने ते मागे टाकले, हेही नमूद केले पाहिजे. इंग्लंडने २००० मध्ये 'प्रकाशक' या पदाऐवजी मजकूर प्रसिद्ध करविणारा, म्हणजे प्रवर्तक, आणि ज्याच्या वतीने तो प्रसिद्ध होत आहे ती व्यक्ती, अशा दोघांची नावे मुद्रकाच्या नावाबरोबर आवश्यक केली. २०२२ च्या कायद्याने असाच नियम संगणकीय माध्यमांतील प्रचारालाही लावला व तो नोव्हेंबर २०२३ पासून अमलात आला. 'वतीने' हा शब्दही पैशापर्यंत पुरता पोहोचत नाही, हे खरे. तथापि सही करणाऱ्याच्या पाठीशी दुसरा कोणी उभा असू शकतो, एवढे तरी तो मान्य करतो. आपल्या कलमात ही जाणीवही उमटलेली नाही.

३

याच्या समांतर, पैशासंबंधीच्या नियमांचा एक निराळा प्रवाह आपल्याकडे वाहत आला आहे. त्याचा उगम मुंबईत आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये बदल करण्याची परवानगी मागितली. ते प्रकरण १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अपिलात आले. मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांनी परवानगी कायम केली, कारण असा बदल तत्कालीन कायद्याने निषिद्ध नव्हता. परंतु त्याच निकालपत्रात त्यांनी, कंपन्यांचा पैसा निवडणुकीत उतरणे हा बाल्यावस्थेतील लोकशाहीला मोठा धोका असून संसदेने त्याचा तातडीने विचार करावा, असा निःसंदिग्ध इशारा दिला. न्यायाधीशाने कायद्याचे पालन करीत असतानाच त्या कायद्याविषयीची आपली चिंता नोंदवून ठेवावी, याचे ते एक उत्तम उदाहरण आहे.

संसदेने १९६० मध्ये कंपनी अधिनियमात कलम २९३क घातले. देणगीस मर्यादा आली, आणि दिलेली रक्कम व घेणाऱ्या पक्षाचे नाव कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात दाखविणे आवश्यक झाले. म्हणजे १९६० मध्ये कंपनीच्या हिशेबात देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव आले, आणि १९६१ मध्ये पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आले. वर्षभराच्या अंतराने झालेल्या या दोन तरतुदींना एकमेकींची ओळखच नव्हती, आणि आजही नाही. हिशेबात पैशाचे नाव आहे, पण त्या पैशातून कोणती जाहिरात निघाली हे नाही. जाहिरातीवर नाव आहे, पण ते पैशाचे नाही. या दोन कागदांमधील मोकळ्या जागेतच आपल्या निवडणूक-प्रचाराचे अर्थकारण चालते.

पुढील इतिहास या मोकळ्या जागेच्या विस्ताराचा आहे. १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी आली. पैसा थांबला नाही. तो पक्षांच्या स्मरणिकांतून पानभर जाहिरातींच्या रूपाने येऊ लागला. १९८५ मध्ये देणग्यांना पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा या अनुभवाची नोंद कायद्याने घेतली : पक्षाच्या स्मरणिकेत, पुस्तिकेत वा पत्रकात कंपनीने जाहिरातीवर केलेला खर्च हीदेखील देणगीच समजावी, असे सांगितले गेले, आणि २०१३ च्या कंपनी अधिनियमातही ते कायम राहिले. जाहिरात आणि देणगी ही एकाच व्यवहाराची दोन रूपे असू शकतात, हे आपल्या कायद्याने स्वच्छ ओळखल्याचे हे एक दुर्मीळ स्थळ आहे. परंतु ती ओळख पक्षाच्या तिजोरीत पैसा येतो त्या दिशेपुरतीच राहिली. पक्षाच्या तिजोरीतून, किंवा तिला वळसा घालून, जाहिरातीत पैसा जातो त्या दिशेला ती कधी लावली गेली नाही.

वळसा घालणाऱ्या पैशाचा प्रश्न १९७४ मध्ये उभा राहिला होता. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला व त्याच्याशी निगडित करता येण्याजोगा खर्च, उमेदवाराने त्याचा लाभ घेतला असल्यास, त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. त्याच वर्षी, प्रथम अध्यादेशाने व नंतर अधिनियमाने, कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडून हा निर्णय निष्प्रभ करण्यात आला. पक्षाने, अन्य संस्थेने वा व्यक्तीने केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही, असे ते स्पष्टीकरण सांगत होते. २००३ मध्ये ते बदलले आणि सवलत मुख्यतः पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली. तरीही उमेदवाराचे नाव न घेता चालणारा पक्षाचा सर्वसाधारण प्रचार पक्षाच्या खर्चात मोडतो, आणि पक्षाच्या खर्चाला कायद्याने कमाल मर्यादाच घातलेली नाही. लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्याच्या डोक्यावरील आकाशात झळकणाऱ्या पक्षाच्या फलकांना ती नाही.

या प्रवाहाचा शेवटचा टप्पा सर्वांना परिचित आहे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने कंपनीच्या हिशेबातून पक्षाचे नाव दाखविण्याची अट व देणगीवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा ही दोन्ही काढून टाकली. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना अधिसूचित झाली व दात्याचे नाव मतदारापासून गुप्त राहिले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना व तिला आधार देणाऱ्या दुरुस्त्या घटनाबाह्य ठरविल्या. पक्षाचा अर्थपुरवठा कोठून होतो हे जाणणे हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालाचे सार आहे. स्टेट बँकेने मागितलेली मुदतवाढ न्यायालयाने नाकारली, आणि मार्च २०२४ मध्ये रोख्यांचे तपशील, नंतर त्यांच्या जुळणीचे क्रमांकही, प्रसिद्ध झाले.

या निकालाचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. नामनिर्देशाचा पाया दायित्वातून उचलून मतदाराच्या हक्कावर ठेवण्याचे काम त्याने तात्त्विक पातळीवर पूर्ण केले. परंतु त्याने खुली केली ती पहिल्या कागदाची वाट, म्हणजे हिशेबाची. रोख्यांच्या याद्या वाचणाऱ्याला कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले हे कळले. आपल्या भिंतीवरचे भित्तिपत्रक कोणाच्या पैशाने लागले, हे त्याला त्यातून कळणे शक्य नव्हते. शिवाय ही माहिती न्यायालयाच्या आदेशाने एकदाच निवडणुकीच्या तोंडावर आली. एरवी उमेदवाराचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यावयाचा असतो, आणि पक्षाचा हिशेब विधानसभेसाठी पंचाहत्तर व लोकसभेसाठी नव्वद दिवसांत. मत देऊन झाल्यावर मिळणारी माहिती इतिहासकाराच्या उपयोगाची असते, मतदाराच्या नव्हे.

४

दोन कागदांना जोडणारा दुवा निर्माण झालाच नाही असेही नाही. दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिलेल्या आदेशानंतर पूर्वप्रमाणनाची पद्धत सुरू झाली. तिच्या अर्जात जाहिरातीच्या निर्मितीचा खर्च, प्रक्षेपणाचा अपेक्षित खर्च, ती कोणत्या उमेदवाराच्या वा पक्षाच्या हितासाठी आहे, हे सर्व सांगावे लागते. अर्जदार पक्ष वा उमेदवार नसेल, तर जाहिरात त्यांच्या हितासाठी नाही आणि तिचे पैसे त्यांनी दिलेले नाहीत असे शपथेवर लिहून द्यावे लागते. देयके धनादेशाने किंवा दर्शनी हुंडीनेच देण्याचे बंधन असते. म्हणजे 'पैसा कोणाचा' हा प्रश्न येथे अखेर विचारला गेला, आणि उत्तरही लेखी घेतले गेले. मात्र ते उत्तर अर्जावर राहिले. जाहिरातीवर आले नाही. समिती ते वाचते, प्रेक्षक वाचीत नाही. उद्दिष्ट वाचकाविषयीचा आपला जुना दोष येथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. कारण येथे माहिती उपलब्ध नसल्याची सबबही उरलेली नाही.

दुसरे उदाहरण वृत्तपत्रांचे आहे आणि ते महाराष्ट्राला जवळचे आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वृत्ताच्या वेषात जाहिराती प्रसिद्ध झाल्याचे आरोप येथे झाले, भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्या प्रश्नाची चौकशी केली, आणि त्यांतील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उमेदवाराने सादर केलेला हिशेब केवळ वेळेत व नमुन्याप्रमाणे आहे एवढेच नव्हे, तर तो खरा आहे की नाही हेही तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असे २०१४ च्या निकालाने ठरले. त्या प्रकरणाच्या व्यक्तिगत परिणामाशी येथे कर्तव्य नाही. ध्यानात घ्यावयाचे ते असे, की वाचकाचा प्रश्न 'हे वृत्त की विकत घेतलेली जागा?' असा होता, आणि कायद्याला तो 'उमेदवाराचा हिशेब खरा की खोटा?' अशा भाषांतरातच समजू शकला. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात पैसे देऊन वृत्त छापविणे आणि राजकीय जाहिरातीतील हितसंबंध दडविणे यांसाठी स्वतंत्र तरतुदी सुचविल्या होत्या. त्या अधिनियमात उतरल्या नाहीत.

संगणकीय माध्यमांचा विचार केला तर एक चमत्कारिक विपर्यास दृष्टीस पडतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी स्वेच्छा-आचारसंहिता स्वीकारली. फेसबुक व गुगल यांनी राजकीय जाहिरातींचे खुले संग्रह ठेवले, आणि जाहिरातीचे पैसे कोणी दिले याची ओळ तिच्यासोबत दाखविण्यास आरंभ केला. जो प्रश्न विचारण्याचे धैर्य आपल्या संसदेने मुद्रकापाशी दाखविले नाही, तो परदेशी व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना विचारला! परंतु तेथे भरले जाणारे नाव बहुधा एखाद्या मोघम संस्थेचे वा पृष्ठाचे असते, आणि ही सारी व्यवस्था कंपनीच्या धोरणावर उभी आहे. धोरण बदलल्यास तिला आधार नाही. दरम्यान निवडणूक आयोग एप्रिल २०२४ मध्ये फलकांवरही मुद्रक-प्रकाशकांची नावे असलीच पाहिजेत असे बजावीत होता. आदेश योग्यच होता. पण त्याने मागितले ते १८८३ चे नाव.

५

जाहिरातीवरच पैशाचे नाव लिहावयास लावले की प्रश्न सुटला, असा समज होऊ नये म्हणून अमेरिकेचा अनुभव पाहणे आवश्यक आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या बकली खटल्यात खर्चाच्या मर्यादा रद्द केल्या, पण नावे उघड करण्याच्या तरतुदी कायम ठेवल्या. २००२ च्या कायद्याने उमेदवाराने दूरचित्रवाणीवरील आपल्या जाहिरातीत स्वमुखाने तिला संमती असल्याचे सांगणे बंधनकारक केले. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील निर्बंध उठविले. परंतु त्याच निकालात नऊपैकी आठ न्यायाधीशांनी नामनिर्देशाचे नियम उचलून धरले. खर्च मोकळा आणि नाव सक्तीचे, अशी ती मांडणी होती.

प्रत्यक्षात काय झाले? नाव आले, पण ते पडद्याचे नाव आले. २००३ च्या मॅक्कॉनेल खटल्यात न्यायालयाने नोंदविलेली उदाहरणे बोलकी आहेत. 'रिपब्लिकन्स फॉर क्लीन एअर' या नावाच्या जाहिराती वस्तुतः दोन श्रीमंत बंधूंच्या होत्या, आणि 'सिटिझन्स फॉर बेटर मेडिकेअर' हे नाव धारण करणाऱ्या नागरिकांच्या पाठीशी औषधनिर्मात्या कंपन्या होत्या. असे नाव अज्ञान दूर करीत नाही; ते चुकीच्या ज्ञानाची भर घालते. मतदाराला काहीच सांगितले नसते तर तो निदान साशंक तरी राहिला असता. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये केलेल्या कायद्याने यावर इलाज शोधला : समित्यांच्या जाहिरातींवर पन्नास हजार डॉलर वा अधिक देणाऱ्यांपैकी सर्वांत मोठ्या तीन दात्यांची नावे ठळकपणे द्यावीत, आणि मधल्या संस्थेवर न थांबता मूळ दात्यापर्यंत माग काढावा. या इलाजाचे मर्म तीन शब्दांत सांगता येईल : मूळचा, मोठा, दर्शनी. दाता मूळचा असला पाहिजे, रक्कम मोठी असली पाहिजे, आणि नाव जाहिरातीच्या दर्शनी भागावर असले पाहिजे. आपल्या कलम १२७क मध्ये यांपैकी फक्त तिसरा शब्द आहे.

६

या मताविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे व तो बाजूस सारता येण्यासारखा नाही. निनावी पत्रक हे नेहमीच धनिकाचे शस्त्र नसते. पुष्कळदा ते दुर्बलाचे एकमेव शस्त्र असते. १९४२ च्या भूमिगत चळवळीतील पत्रकांवर किंवा १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात गुप्तपणे वाटल्या गेलेल्या पत्रकांवर मुद्रकाचे नाव छापावयाचे म्हणजे त्याला तुरुंगात पाठविण्यासारखेच होते. अमेरिकेत मार्गारेट मॅकिन्टायर या ओहायोतील स्त्रीने १९८८ मध्ये शाळेसाठीच्या प्रस्तावित कराविरुद्ध पत्रके वाटली. त्यांपैकी काहींवर तिचे नाव नव्हते म्हणून तिला शंभर डॉलर दंड झाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाविरोधी ठरविला. निवडणूक रोख्यांच्या समर्थनार्थही दात्याला सूडाची भीती असते हाच युक्तिवाद झाला होता. आपल्या न्यायालयाने तो पूर्णपणे फेटाळला नाही. राजकीय मताच्या अभिव्यक्तीसाठी दिलेल्या देणगीला गोपनीयतेचे संरक्षण असू शकते, परंतु धोरणावर प्रभाव पाडण्यासाठी दिलेल्या पैशाला ते नाही, असा भेद त्याने केला.

हा भेद योग्य आहे, आणि तो आपल्या कायद्याला अगदी अपरिचितही नाही. उमेदवाराच्या लेखी अधिकाराविना त्याच्या प्रचारासाठी जाहिरात, पत्रक वा सभा यांवर खर्च करणे हा १९२० मध्ये भारतीय दंड संहितेत घातलेल्या कलम १७१ज अन्वये अपराध होता. मात्र दहा रुपयांपर्यंतचा खर्च कोणी आपण होऊन केला आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविली, तर तो अधिकृत समजावा अशी सवलत होती. साध्या मनुष्याच्या उत्स्फूर्त उत्साहाला मोठ्या पैशाच्या मापाने मोजू नये, हे तत्त्व त्या दहा रुपयांत होते. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये दंडाची कमाल रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर गेली. सवलतीचे दहा रुपये मात्र दहाच राहिले. शतकभरात रुपयाचे मूल्य कोठल्या कोठे गेले, याची जाणीव दंड ठरविताना झाली आणि सवलत ठरविताना झाली नाही. आणखी एक उणीव अशी, की हे कलम उमेदवाराला निवडून आणण्यासाठी केलेल्या खर्चाविषयीच बोलते. त्याला पाडण्यासाठी केलेल्या खर्चाचा त्यात उल्लेख नाही. कलम १२७क मात्र अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही प्रकारच्या पत्रकांना लागू आहे. एकाच विषयावरील दोन कलमांची व्याप्ती अशी भिन्न असल्यामुळे तिऱ्हाइताच्या निंदात्मक जाहिरातीला सोयीची फट मिळते.

आज आपले नियम जेथे कडक आहेत तेथे लहान मनुष्याला लागतात, आणि जेथे सैल आहेत तेथे मोठ्याला. गावातील जॉब प्रेसचा मालक घोषणापत्राची प्रत पाठवावयास विसरला तर तो तुरुंगवासास पात्र ठरतो. कोट्यवधींची जाहिरात मोघम नावाने करणारा दाता कोणत्याही कलमात बसत नाही. म्हणून आक्षेपाचे उत्तर नियम काढून टाकण्यात नसून तो उलटा करण्यात आहे. ठराविक रकमेखालील स्वतःच्या खर्चाने काढलेल्या पत्रकाला नामनिर्देशातून मुक्त करावे, आणि त्या रकमेवर मूळ दात्याचे नाव दर्शनी भागावर सक्तीचे करावे.

अतिशय व्यापक नियमांचेही धोके आहेत, हे युरोपीय संघाच्या अनुभवावरून दिसते. तेथील २०२४ च्या विनियमाने प्रत्येक राजकीय जाहिरातीवर तिचा पुरस्कर्ता आणि त्याच्यावर अंतिम नियंत्रण असणारी संस्था यांची नावे मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पूर्णपणे लागू होत असताना गुगल आणि मेटा यांनी त्या प्रदेशात राजकीय जाहिराती घेणेच थांबविले. पारदर्शकतेसाठी केलेल्या नियमाने व्यासपीठच बंद व्हावे, याचा फटका लहान पक्षांना अधिक बसण्याचा संभव आहे. रकमेची किमान मर्यादा ठरविणे म्हणूनच गौण तपशील नव्हे. नियमाची न्याय्यता तिच्यावरच अवलंबून आहे.

७

समारोपादाखल एवढेच म्हणावयाचे आहे. नामनिर्देशाच्या नियमांची कसोटी तीन प्रश्नांनी लावावी : नाव कोणाला कळते, केव्हा कळते, आणि ते कोणाचे असते. आपले १९६१ चे कलम पहिल्या दोन प्रश्नांत काही अंशी उतरते, कारण त्याची ओळ मतदाराच्या हाती मतदानापूर्वी पडते. तिसऱ्यात ते सर्वस्वी अनुत्तीर्ण होते. आपले देणग्यांचे नियम तिसऱ्या प्रश्नाजवळ पोहोचतात; पहिल्या दोहोंत त्यांचा निभाव लागत नाही. पूर्वप्रमाणनाचा अर्ज तिन्ही प्रश्नांच्या जवळ येऊन कचेरीच्या दाराशी थांबतो. आवश्यक ती सामग्री कायद्यात विखुरलेली आहेच. अर्जावरचे उत्तर जाहिरातीवर आणणे, 'प्रकाशक' या शब्दाशेजारी 'ज्याच्या पैशाने' हे दोन शब्द घालणे, आणि १९२० च्या दहा रुपयांना आजचे मोल देणे, या तीन दुरुस्त्यांना नव्या संस्थेची गरज नाही आणि नव्या तत्त्वाचीही नाही. तत्त्व २०२४ च्या निकालाने सांगून ठेवले आहे.

छगला यांनी १९५७ मध्ये जी चिंता व्यक्त केली ती पैशाच्या बळाविषयी होती. पैसा प्रचारातून हद्दपार करता येईल, अशी आशा त्यानंतरच्या अनुभवाने फारशी उरू दिलेली नाही. १९६९ च्या बंदीने त्याला स्मरणिकेची वाट दाखविली, आणि मर्यादांनी त्याला तिऱ्हाइताच्या नावामागे लपविले. पण आलेल्या पैशाने स्वतःचे नाव सांगावे, ही मागणी त्याहून लहान असून तिची पूर्तता शक्य आहे. ती पूर्ण होईल तेव्हा पत्रकाच्या तळाची ती बारीक ओळ मतदार वाचू लागेल, कारण तीत त्याच्या प्रश्नाचे उत्तर असेल. आज तो ती वाचीत नाही, हा दोष त्याचा नसून ती ओळ लिहविणाऱ्यांचा आहे.